ऋणनिर्देशाचं पान

प्रबंध कुणी वाचत नाही, हे विद्यापीठात सगळ्यांना माहीत असतं आणि चारचौघांत कुणीच बोलत नाही. माणूस पाच-सहा वर्षं घासून तीनशे पानं लिहितो, त्यांना काळ्या पुठ्ठ्याचं बाइंडिंग होतं, वर सोनेरी अक्षरं चढतात आणि मग तो ठोकळा ग्रंथालयाच्या तळघरातल्या लोखंडी कपाटात जाऊन पडतो. किल्ली ग्रंथपालबाईंच्या खणात. कुणी चुकून मागितलाच, तर अर्ज करा, सही आणा, ओळखपत्र ठेवा आणि तिथेच बसून वाचा. एवढी यातायात करूनही वाचणारा उघडतो ते एकच पान, ऋणनिर्देशाचं. कुणाचे आभार मानलेत, कुणाला वगळलंय, तेवढं बघायचं, गालातल्या गालात हसायचं आणि प्रबंध परत करायचा.

धाकटीला या प्रकाराची मनापासून चीड होती. धाकटी हे तिचं घरातलं नाव. विद्यापीठात ती दगडफुलांची तज्ज्ञ. दगडांवर आणि जुन्या भिंतींवर ज्या राखाडी खपल्या उगवतात, ज्यांच्याकडे शहाणा माणूस ढुंकूनही बघत नाही, त्यांच्याकडे ती भिंग लावून तास-तास बघत बसायची. मुलं तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे दगडबाई. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडायचं.

विद्यापीठाचं सगळं संशोधन इंटरनेटवर खुलं करायचं, जगात कुणालाही फुकट वाचता यायला हवं, हे खूळ तिनेच काढलं. इंग्रजीत त्याला ओपन अॅक्सेस म्हणतात. जुन्या प्राध्यापकांनी त्याला ‘घरात चोर सोडणं’ म्हटलं. दोन वर्षं समितीच्या बैठका चालल्या. धाकटी प्रत्येक बैठकीत तावातावाने बोलायची. “लोकांसाठी म्हणून संशोधन करायचं आणि लोकांपासूनच कुलपात ठेवायचं? आपण लपवतोय काय एवढं?” या प्रश्नाला उत्तर नसायचं, कारण खरं उत्तर ‘आमच्या चुका’ असं होतं.

एक नियम तर तिने टेबल बडवून मंजूर करून घेतला. विभागाचे माजी प्रमुख, कुणी त्यांची चूक दाखवली की आपला लेखच गायब करायचे. म्हणून नियम असा की, एकदा खुलं केलेलं काही मागे घ्यायचं नाही. घ्यायचंच झालं, तर का घेतलं ते त्याच जागी, सगळ्या जगाला दिसेल असं लिहायचं.

इंटरनेटवरचा हा खुला संग्रह सुरू झाला त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी विचारलं, “पहिला मान कुणाचा?”

“माझा टाका,” धाकटी म्हणाली. बोलणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावं, असं तिचं म्हणणं. तळघरातून तिचा प्रबंध वर आला, स्कॅन झाला आणि संध्याकाळच्या आत जगासाठी खुला झाला.

या संग्रहात एक गंमत होती. प्रत्येक प्रबंधाच्या पानावर खाली जगाचा नकाशा असायचा. कुठूनही कुणी ते पान उघडलं की लगेच त्या गावावर निळा ठिपका पडायचा. ठिपक्यावर बोट ठेवलं की गावाचं नाव आणि किती वेळा उघडलं तो आकडा. त्याच्याखाली बारीक अक्षरांत, लोक काय शोधत इथपर्यंत आले, ते शब्द. धाकटी पहिले काही दिवस अक्षरशः नकाशापुढे बसून होती. एक ठिपका बर्फाच्या देशात पडला, एक वाळवंटाच्या कडेला. ज्या प्रबंधाला अकरा वर्षांत वाळवीनेसुद्धा तोंड लावलं नव्हतं, तो परक्या मुलखातली माणसं वाचत होती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला नकाशा दाखवायची. नवीन बाळाचे फोटो दाखवणाऱ्यांना लोक चुकवतात, तसे सहकारी तिला चुकवू लागले.

त्या दिवशी सकाळचं पहिलं व्याख्यान आटोपून ती खोलीत आली, चहाचा कप टेबलावर ठेवला आणि सवयीने नकाशा उघडला. एक नवा ठिपका होता. तिने बोट ठेवलं. गावाचं नाव वाचलं आणि बोट तिथेच राहिलं.

सिमेंटच्या कारखान्याचं गाव ते. तिथे ना कॉलेज, ना ग्रंथालय. तिथे होतं फक्त ताईचं सासर.

तेरा वर्षांपूर्वी ताई त्या घरातून भरदुपारी बाहेर पडली, पायात स्लिपर आणि कडेवर तीन वर्षांची छकुली घेऊन. दाजी, म्हणजे तिचा नवरा, दार आतून लावायचा, रेडिओ मोठा करायचा आणि मग हात उचलायचा. बाहेर आला की हसतमुख. शेजाऱ्यांच्या लेखी देवमाणूस. ताईने एकदा तक्रार केली, तेव्हा पोलिसांनी समजूत घालायला म्हणून त्यालाच बोलावून घेतलं आणि त्याच्याच गाडीतून तिला घरी पाठवलं. पुढच्या खेपेला ती कुणाकडेच गेली नाही. आईचं माहेरचं आडनाव लावून समुद्राकाठच्या एका गावात राहिली, शिवणकाम करू लागली. पहिली काही वर्षं दाजी माहेरी येऊन धमक्या द्यायचा. विद्यापीठाच्या फाटकाशीही आला होता. “पाताळात असली तरी हुडकून काढीन,” हे तो धाकटीला अगदी हळू आवाजात सांगून गेला होता. मग तो यायचा थांबला. विसरला असेल, असं घरात सगळे म्हणत. ताई कधी म्हणाली नाही.

ठिपक्यावरचा आकडा होता नऊ.

एखाद्या कारखान्यातल्या माणसाला भिंतीवरच्या खपल्यांबद्दल वाचायचं असेल, असं धाकटीने मनाला बजावून पाहिलं. मनाने काही ऐकलं नाही. तिने खालचे बारीक शब्द बघितले. नऊच्या नऊ वेळा तेच दोन शब्द शोधले होते. पहिलं तिचं आडनाव. दुसरं ताईचं नाव.

दगडफुलांच्या प्रबंधात ताईचं नाव कशाला असेल? तिने क्षणभर खरंच विचार केला. आणि मग तिला ते एक पान आठवलं.

स्कॅन करण्याआधी तिने प्रबंध डोळ्यांत तेल घालून तपासला होता. आकडे, तक्ते, संदर्भ, फोटो, सगळं. ऋणनिर्देशाचं पान मात्र तिने वाचलं नव्हतं. आपलं आपण कोण वाचतं? तिने ते आता उघडलं. मार्गदर्शकांचे आभार होते, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांचे होते, आणि शेवटी, तेव्हाच्या तिच्या भरून आलेल्या मनाने लिहिलेला परिच्छेद:

“सर्वांत मोठं ऋण माझ्या ताईचं. या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी तिच्या घरी लिहिलं...” पुढे ताईचं नाव होतं, समुद्राकाठच्या त्या गावाचं नाव होतं. घड्याळाच्या मनोऱ्यामागची गल्ली होती. औषधाच्या दुकानाला लागून असलेलं शिवणाचं दुकान होतं आणि त्यावरची खोली. “खाली तिची मशीन रात्री उशिरापर्यंत चालायची आणि त्या आवाजात मला धीर यायचा. हे घर तिने एकटीने उभं केलं, ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून इथे लिहिते.”

तेव्हा चारच प्रती होत्या आणि चारही कुलपात. कपाटाच्या कानात सांगावं तसं तिने ते लिहिलं होतं. आता तेच पान, अक्षर न् अक्षर शोधता येईल असं, तिने स्वतःच्या हाताने चव्हाट्यावर मांडलं होतं. आपल्या माणसाच्या मुळावर आपणच उठलो, हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिला रडूही आलं नाही.

तिने ताईला फोन लावला. बराच वेळ वाजला. ताईने उचलला तेव्हा मागे मशीनची खडखड थांबल्याचं ऐकू आलं.

“ताई, ऐक. शटर खाली ओढ. छकुली कुठे आहे?”

ताईने एकच शब्द विचारला. “सापडलो?”

धाकटीने दोन वाक्यांत सांगितलं. ताईने आरडाओरडा केला नाही, एक शिवी दिली नाही. त्यामुळेच धाकटी जास्त घाबरली.

“छकुली वरच आहे, परीक्षेची सुट्टी आहे तिला,” ताई म्हणाली. “तू आधी ते पान बंद कर. मग ये.”

ग्रंथालयापर्यंत धाकटी पळतच गेली. मुलं वळून बघत होती. दगडबाईंना पळताना कुणी पाहिलं नव्हतं.

ग्रंथपालबाई म्हणजे नाकावर चष्मा आणि चष्म्यावरून नजर. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला तर विद्यार्थ्याला बापाचं नाव विचारणारी बाई. त्यांनी शांतपणे ऐकलं. “माझा प्रबंध आत्ताच्या आत्ता काढा,” एवढंच धाकटीला बोलता आलं होतं.

“काढते. कारण काय लिहू?”

“कारण नका लिहू.”

“मॅडम, कारण लिहिल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. तुम्हीच बसवून घेतलंत ना तसं? आणि लिहिलेलं सगळ्यांना दिसतं. खासगी कारण म्हटलं तरी समिती विचारणार, कोणतं खासगी.”

धाकटी खुर्चीत बसली. नवरा, बहीण, पत्ता, यातलं काहीही तिथे लिहिलं, तरी त्या वाचणाऱ्याची खात्री पटली असती की सापडलं ते खरंच आहे. ताईपाशी तिने शपथ घेतली होती, कुणापाशी बोलणार नाही म्हणून. तेरा वर्षं पाळलेली ती शपथ तिने ग्रंथपालबाईंच्या टेबलापाशी मोडली. सगळं सांगितलं.

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढला. खणातून किल्ली घेतली, तळघरात गेल्या आणि काळा ठोकळा घेऊन वर आल्या. टेबलावर ठेवून त्यांनी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. वाचलं. मग डाव्या तळव्याने प्रबंध दाबून धरला आणि उजव्या हाताने ते पान शिवणीपासून टरकन फाडलं.

धाकटी खुर्चीतून उठली.

“आयुष्यात पहिल्यांदा केलं हे पाप,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. पान चार घड्या करून त्यांनी धाकटीच्या हातात दिलं आणि कॉम्प्युटरवर कारण टाइप केलं: मूळ प्रतीतलं एक पान फाटलेलं आढळल्यामुळे फाइल तपासणीसाठी बंद. “खोटं नाही लिहिलं. फाटलेलंच आहे.”

“आता कुणाला दिसणार नाही?”

“इथे नाही दिसणार. पान उघडलं तर फाइल बंद आहे एवढंच दिसेल. नकाशावर ठिपका पडायचा तो पडेलच, तो कुठून किती आले तेवढंच मोजतो.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “पण मॅडम, खुलं म्हणजे खुलंच. ज्याने उतरवून घेतलं असेल त्याच्या फोनमधून मी कसं काढू? तुम्ही निघा बघू आधी.”

टॅक्सीत धाकटी जीव मुठीत धरून बसली होती. समोर गाडी दिसली की तिला त्यात दाजीची मान दिसायची. त्याचा चेहरा आता कसा असेल, हे तिला आठवेना, म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष तिला तोच वाटू लागला. सिमेंटच्या गावाहून समुद्राकडे यायला जेमतेम अर्धा दिवस. तो सकाळीच निघाला असेल तर? फोन हातात होता, पण नकाशा उघडायचं तिचं धाडस होईना.

गल्लीत घड्याळाचा मनोरा होता, औषधाचं दुकान होतं, सगळं तिने लिहिलं होतं तस्संच. काय नेमकं लिहिलं होतं मेलं! आंधळ्यालाही सापडावं असं. शिवणाच्या दुकानाचं शटर खाली होतं. तिने मागच्या जिन्याच्या दारावर हाक मारली, तेव्हा कडी निघाली.

आत दिवसाढवळ्या अंधार होता. एकच बल्ब. कापलेल्या गणवेशांचे गठ्ठे, टांगलेले पडदे, मशीनवर अर्धी शिवलेली बाही सुईखाली अडकलेली. जिन्याशी दोन बॅगा. त्या ताईने आज भरल्या नव्हत्या. तेरा वर्षं त्या पलंगाखाली भरलेल्याच असायच्या, छकुली वाढेल तसे आतले कपडे तेवढे बदलायचे.

“ताई, मला माफ...”

“ते नंतर,” ताई म्हणाली. “कुठे जायचं ते बोल.”

“मी नाही येणार,” छकुली म्हणाली. नाव छकुली, पण आता ताडमाड वाढलेली, मावशीच्या डोक्यावरून बघणारी. ती जिन्याच्या पायरीवर घट्ट बसली होती. “प्रत्येक वेळी आपणच का जायचं? शाळेत माझा फोटो लावायचा होता, तू नको म्हणालीस. स्पर्धेला नाव द्यायचं होतं, नको म्हणालीस. आता तो आला म्हणून घर पण नको?”

“हळू बोल,” ताई म्हणाली. पण आवाज तिचाच फुटला होता.

“अजून आला कुठे?” असं म्हणत धाकटीने धीर करून फोन उघडला. प्रबंधाचं पान आलं. फाइल बंद आहे. खाली नकाशा. सिमेंटच्या गावावरचा ठिपका होता तसाच होता, आकडा नऊच. ती सुटकेचा श्वास सोडणार, तेवढ्यात समुद्रकाठावर एक ठिपका दिसला. याच गावावर.

तिने फोन बल्बखाली धरला. छकुलीने वाकून बघितलं. “अगं मावशी, तूच आत्ता इथून उघडलंस ना? तुझाच आहे तो.”

खरंच की. तिचाच तो! धाकटीला हसू फुटलं, ताईलाही. अंधारात तिघी तोंडावर हात दाबून वेड्यासारख्या हसल्या. हसता हसता धाकटीने ठिपक्यावर बोट ठेवलं.

आकडा दोन होता.

“तुम्ही कुणी उघडलं होतं? आज? आधी?”

छकुलीने मान हलवली. तिचा फोन सकाळपासून ताईने बंद करून ठेवला होता. ताईने तर तो प्रबंध कधी बघितलाही नव्हता. तिघी शटरकडे बघू लागल्या. बाहेर कुणाची तरी पावलं आली आणि पुढे गेली. सायकलची घंटी वाजली.

“बॅगा घे,” ती कुजबुजली. “मागच्या दाराने जाऊ.”

ताई हलली नाही. ती बंद शटरकडे, बंद खिडकीकडे, डोक्यावरच्या त्या एका बल्बकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, “त्या घरात अगदी असंच असायचं गं. दार लावलेलं, दिवा लावलेला आणि मी गप्प.”

“ताई, वेळ नाही.”

“बंद दाराआड तो काय करतो, ते मला माहीत आहे. चार लोकांसमोर त्याने कधी बोटसुद्धा लावलं नाही मला. एकदाही नाही.” तिने पदराने तोंड पुसलं. “काय लिहिलंयस तू त्या पानावर? वाचून दाखव.”

धाकटीने घडी उलगडली. बल्बखाली धरून वाचलं. ‘हे घर तिने एकटीने उभं केलं, ते कुठेतरी लिहिलेलं असावं’ इथपर्यंत वाचून तिने घडी पुन्हा घातली.

“छान लिहिलंयस,” ताई म्हणाली. आणि पुढे होऊन तिने दोन्ही हातांनी शटर वर ढकललं.

केवढा तो आवाज झाला. दुपारचं ऊन एकदम आत आलं. औषधवाले काका गल्ल्यावरून वाकून बघू लागले, समोरच्या चष्म्याच्या दुकानातली बाई दारात आली. ताई उंबऱ्यावर उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“काका, इकडे या जरा. तुम्ही पण या. मला काहीतरी सांगायचंय तुम्हाला.” आणि तिने आपलं खरं नाव सांगितलं. माहेरचं, सासरचं, सगळं. नवऱ्याने काय केलं ते सांगितलं, आणि तो इथे येऊन पोचलाय तेही. सांगताना अडखळली, पुन्हा सुरू केलं. काकांनी आपल्या दुकानातलं स्टूल आणलं आणि तिच्या दाराबाहेर टाकून त्यावर बसले. चष्मेवाल्या बाईने फोन काढून पोलिसांना लावला आणि पत्ता खणखणीत आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला. आणखी दोन-तीन माणसं जमली. काय झालं, काय झालं, करत गल्ली गोळा होऊ लागली.

तेव्हा मनोऱ्याच्या वळणावर तो दिसला. केस पांढरे झालेले, इस्त्रीचा शर्ट, हातात फोन. फोनमध्ये बघत होता आणि मग वर दुकानांच्या पाट्यांकडे. पत्ता शोधणाऱ्या कुणाही सभ्य माणसासारखा. धाकटीने त्याला मानेवरून ओळखलं. तिने छकुलीला मागे ओढलं.

ताई वळली. मशीनपाशी गेली, स्टुलावर बसली, रस्त्याकडे तोंड करून. अडकलेली बाही सारखी केली. मग तिने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली. “पाट्या कशाला वाचतोयस? इथे आहे मी.”

गल्लीतल्या सगळ्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या. तो थांबला. त्याने फोनवाला हात खाली केला.

मशीन खडखडत सुरू झाली. खाली ताईचे पाय इतके थरथरत होते की टाके वाकडे पडत होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून धाकटी मशीनच्या पुढे जाऊन उभी राहिली.